तीनशेबाराचा तुरा

१

कार्तिक निम्मा सरला तरी अण्णा केरकरांच्या गच्चीवरच्या उसाला तुरा आला नाही, आणि परळच्या त्या चार मजली इमारतीत एका सुनेवर चोरीचा आळ आला.

आळ घेणारे खुद्द अण्णाच. वय ब्याऐंशी. उभा जन्म ऊस संशोधन केंद्रावर नव्या जाती तयार करण्यात घालवलेला माणूस. निवृत्त होऊन परळला आले ते एकाच उसाची चार टिपरी, लावायचे तुकडे, पिशवीत घालून. त्या उसाचं नाव तीनशेबारा. खाडीच्या कडेला खाऱ्या चिखलात खुशाल माजणारं काशा नावाचं रानगवत असतं, उसाचाच रानटी भाऊबंद. अण्णांनी त्याचं लग्न जाडजूड, रसाळ पुंड्या उसाशी लावलं. शेकडो पोरं झाली. उसाच्या बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, एकाचं तोंड दुसऱ्याला नाही. त्यांतलं तीनशेबारावं तेवढं अण्णांच्या मनास आलं. खाऱ्या पाण्यावर तगणारं आणि तरी चवीला गोड.

आता या तीनशेबाराचे पराग पुन्हा एकदा पुंड्याच्या तुऱ्यावर पाडायचे, की गोडी आणखी चढेल आणि खारावलेल्या जमिनीला हक्काचा ऊस मिळेल, एवढंच राहिलं होतं. पण पुंड्या भारी लहरी, वर्षानुवर्षं फुलत नाही. यंदा तो एका रोपवाटिकेत फुलला होता. आणि नेमका यंदाच, दर वर्षी न चुकता फुलणारा तीनशेबारा गच्चीवर नुसती पानं हलवत उभा होता.

"गणपत, माझा ऊस फुलतो," अण्णा खाटेवरून म्हणाले. "जो फुलला नाही तो माझा नाही. कौसल्येने माझा उपटून रसवाल्याकडचा लावलाय. म्हाताऱ्याला दिसत नाही, जिना चढता येत नाही, त्याला काय कळतंय, असं वाटलं तिला."

खुर्चीवर बसले होते गणपत धुरी, निवृत्त सहायक फौजदार, मुक्काम नायगाव. अण्णांचे पंचवीस वर्षांचे स्नेही. दोघं एकेकाळी शिवडीच्या किनाऱ्यावर काशाची ठोंबं बघत हिंडले होते. "या लग्नात आई अर्धी गुणसूत्रं देत नाही रे, सगळीच्या सगळी देते. बाप अर्धीच देतो," असं अण्णांनी एकदा सांगितलं, तेव्हा गणपत म्हणाले होते, "आमच्या घरीपण तसंच आहे." यावर अण्णा आठवडाभर हसत होते.

हसणारे अण्णा ज्येष्ठात न्हाणीघरात पडले आणि खाटेला खिळले. काचबिंदूने नजर आधीच नेली होती. आणि आळ घेतल्यापासून, गेला महिनाभर, त्यांनी सुनेच्या हातचं अन्न सोडलं होतं. कोपऱ्यावरच्या खानावळीतून डबा येत होता.

"तू पोलीस आहेस ना? मग शोध," अण्णा म्हणाले. "आणि तिच्या तोंडून वदवून घे."

२

कौसल्या स्वयंपाकघरात कपडे घड्या करत होती. पन्नाशीची, विमा कंपनीत नोकरी, बोलणं मोजकं. नवरा जयवंत, अण्णांचा एकुलता एक, जाऊन नऊ वर्षं झाली. माहेरचे न्यायला आले होते तेव्हा ती गेली नाही, सासऱ्यापाशी राहिली. सगळ्या इमारतीने तेव्हा तिचं कौतुक केलं, आणि आता तीच इमारत जिन्यात तिच्याकडे बघून कुजबुजत होती.

गणपतनी स्टूल ओढलं. चौकशीला बसलं की त्यांचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत जायचा. चाळीस वर्षांची सवय, ती पेन्शनीबरोबर थोडीच सुटते.

"गच्चीच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच," ते म्हणाले. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि पुनर्विकासासाठी गच्ची रिकामी करायच्या कागदावर तू सही केलीस. अण्णांना न सांगता."

"केली. सगळ्यांनी केली. एकटी मी अडून बसले असते तर सगळे अण्णांच्या दारात भांडायला आले असते." ती घडी मोडून पुन्हा घालू लागली. "सांगायला हवं होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण त्यांना गच्चीवरच्या त्या उसाच्या ड्रमांशिवाय काय आहे, काका?"

"मग ऊस कधी बदललास?"

हा त्यांचा जुना डाव. 'का' विचारायचंच नाही, एकदम 'कधी' विचारायचं. कच्चा चोर त्यात हमखास सापडतो. कौसल्येचे हात थांबले.

"काका, आधी 'बदललास का' असं विचारतात," ती म्हणाली. "अण्णांनीपण नाही विचारलं. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

गणपतना कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. आपण या पोरीच्या लग्नात अक्षता टाकल्या आहेत, हे त्यांना त्याच क्षणी आठवावं हेही वाईटच.

"बदललास का?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"नाही." तिने कपडे उचलले आणि कपाटाकडे न नेता पलंगावरच्या उघड्या बॅगेत ठेवले. "रविवारी मी वरळीला बहिणीकडे जातेय. अण्णांसाठी दिवसाची बाई बघून ठेवलीय. चोराच्या हातचं पाणीसुद्धा नको असेल त्यांना."

रविवारला तीन दिवस होते.

३

चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली, रमाबाई राहायच्या. मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, गिरणी गेली, यजमानही गेले, रमाबाई मात्र सगळ्यांच्या बातम्या राखून आहेत. गणपतनी विषय काढला मात्र, त्यांनी पदराने तोंडच झाकलं.

"माका ठाऊक होता, ह्या कधीतरी माझ्या अंगार येतला," त्या म्हणाल्या. "मियाच ती! पण दोनच नेलंय हो, दोनच!"

गणपत सावरून बसले. "काय नेलंत?"

"ऊस. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाक. गच्ची तेव्हा उघडीच असायची. बाजारात जावक पाय चालत नव्हते, म्हटलं, तुळशीच्या पाठी मांडव नको? देवाचा काम. घरचोच ऊस. अण्णांका विचारुचा म्हणत होतंय, पण ते झोपलेले."

गणपतना सगळं आठवलं. गेल्या कार्तिकात दोन ऊस कापून नेलेले दिसले होते. चोरी! अण्णांना नीटसं दिसत नव्हतं म्हणून त्यांना पत्ता लागला नाही, आणि त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून गणपत-कौसल्येने ती गोष्ट पोटातच ठेवली. पुढे अण्णा पडले, त्यांच्या गच्चीवरच्या फेऱ्या बंद झाल्या, तेव्हा राखण कोण करणार म्हणून गणपतनी ज्येष्ठात गच्चीला कुलूप घातलं आणि अट्टल चोरासाठी करावा तसा बंदोबस्त केला. तो अट्टल चोर आता समोर पदराने डोळे टिपत होता.

"रमाबाई, तेव्हाच बोलला असतात तर!"

"लाज वाटली. आणि मग तुम्ही एवढा कुलूप, एवढा उजेड केलात, तेव्हा तर बोलुचीच सोय राहिली नाय." मग आवाज एकदम व्यवहारी झाला. "पण बदलल्याचा म्हणाल तर नाय हां. त्या उजेडात गच्चीर मांजर फिरकला तरी सावली माझ्या खिडकीसमोरच्या भिंतीर दिसता. पडदे जाड करून घेतलंय तेव्हा कुठे डोळो लागता. कोणीएक वर येऊक नाय."

म्हणजे साक्षीदार मिळाला, आणि तो कौसल्येच्या बाजूचा. पण रमाबाईंच्या शब्दावर अण्णा विश्वास ठेवणार नाहीत, हे गणपतना पक्कं माहीत होतं. ते उठले तेव्हा रमाबाईंनी हळूच विचारलं, "अण्णांका सांगशात काय?"

४

तिसरा संशयित आपण होऊन दादरला भेटायला आला. वैभव, अण्णांचा शेवटचा विद्यार्थी, त्यांच्या निवृत्तीनंतर गच्चीवरच शिकलेला. वय पस्तिशीचं, पनवेलपुढे स्वतःची रोपवाटिका. यंदा पुंड्या फुलला तो याच्याकडेच. तीनशेबाराला तुरा आला की तो कापून नेऊन पुंड्यावर झटकायचं काम त्याच्यावरच सोपवलेलं.

प्लाझा सिनेमाच्या बाजूच्या हॉटेलात त्याने चहाला हातच लावला नाही.

"सर माझ्याबद्दल काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुझ्यावर त्यांचा फार जीव."

"तेच तर." वैभवने मोबाइल पुढे सरकवला. पडद्यावर उसाचं बेट, आणि वर रुपेरी, जांभळट झाक मारणारे तुरेच तुरे. "हा तीनशेबारा आहे. माझ्या नर्सरीत. दोन वर्षांपूर्वी सरांकडून निघताना मी उसाचे दोन डोळे कापून खिशात टाकले. विचारलं नाही. मागितले असते तर दिले असते त्यांनी, पण काम पुरं झाल्याशिवाय ऊस गच्चीबाहेर जाऊ द्यायचा नाही असं त्यांचं होतं, आणि मला घाई. म्हटलं सरांचं काही बरंवाईट झालं तर अख्खी जातच जाईल. म्हणजे, असं मी स्वतःला सांगितलं."

गणपतच्या अंगात चाळीस वर्षांचा फौजदार उभा राहिला. "अस्सं! म्हणजे ऊस तू नेलास आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून दुसरा लावलास."

वैभव कसानुसा हसला. "काका, जागा रिकामी होतच नाही ना! उसाच्या एका पेरावर एक डोळा असतो. तो मातीत ठेवला की अख्खा ऊस उभा राहतो, आणि तो दुसरा कुणी नाही, तोच. बी लावलं तर वेगळा निघेल, डोळा लावला तर तंतोतंत तोच. तीनशेबारा ज्याला चोरायचाय त्याने नखाएवढा तुकडा नेला तरी पुरे. ऊस जागच्या जागी. बदलायची कटकट कोण करेल?"

"आणि ज्याला गच्ची रिकामी करायचीय?"

"तो उपटून फेकेल. नवा ऊस लावून त्याला पाणी कशाला घालत बसेल?"

गणपतनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. मुद्दा साधा होता आणि तो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. ऊस बदलण्यात कुणाचाच फायदा नव्हता. पण मग याच्याकडे तोच ऊस फुलतो, आणि परळला फुलत नाही, हे कसं?

"सरांना मी स्वतः सांगू की तुम्ही सांगाल?" वैभवने विचारलं.

"तू सांग. आणि लवकर सांग," गणपत म्हणाले, आणि उठले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत गच्चीवर गेले. ऊन चढायचं होतं. पूर्वेला जिन्याची खोली, पश्चिमेला पाण्याची मोठी सिमेंटची टाकी, आणि मधल्या मोकळ्या जागेत निळे ड्रम. ड्रमांतला ऊस डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. कौसल्या रोज ऑफिसला जायच्या आधी पाणी घालत होती, आळ आल्यावरही. त्यांनी एकेका उसाचा शेंडा निरखला. तुऱ्याचं नाव नव्हतं.

टाकीला वळसा घालून ते पलीकडे गेले. पलीकडे म्हणजे रस्त्याच्या, गणेशोत्सव मंडळाच्या बाजूला. तिथे टाकी आणि कठडा यांच्या सांदीत एक ड्रम होता. जागा पुरेना म्हणून केव्हातरी ढकलून ठेवलेला. कौसल्या त्याला कठड्यावरून वाकून पाइपने पाणी द्यायची, ऑफिसच्या घाईत वर बघत नसे.

गणपतनी मात्र मान वर केली, आणि ते तसेच उभे राहिले.

ड्रममधल्या प्रत्येक उसाला तुरा होता.

एकच गच्ची, एकच पाणी, घालणारी एकच. मधले ड्रम मुके आणि सांदीतला एक फुललेला. गणपतनी आयुष्यभर केलं तेच याही वेळी केलं. पुरावा हाती लागला की तो आधी ताब्यात घ्यायचा. त्यांनी कोयता आणला, सांदीतला एक ऊस तुऱ्यासकट बुडातून कापला, मधल्या ड्रममधला एक बिनतुऱ्याचा कापला, आणि दोन्ही खांद्यावर टाकून जिना उतरले.

६

"एक एक करून हातात देतो," गणपत म्हणाले. "ओळखा."

अण्णांनी पहिला ऊस मांडीवर आडवा घेतला. बोटं पेरावरून सरकली, डोळ्यावर थांबली, डोळ्याच्या वरची खाच चाचपली, पाचटाच्या टोचऱ्या लवेत, कुसेत शिरली. कूस टोचली तसे ते हसले. "हा काशाचा वारसा. रसवाल्याच्या उसाला ही कूस नसते." मग त्यांनी दुसरा घेतला. पुन्हा डोळा, पुन्हा खाच, पुन्हा कूस. हसू मावळलं.

"दोन्ही तीनशेबारा आहेत," ते म्हणाले.

"पहिला मधल्या ड्रममधला. ज्याला तुम्ही रसवाल्याचा म्हणत होतात तो."

अण्णांनी पहिला ऊस पुन्हा मांडीवर ओढला. बोटं त्या पहिल्या उसावरच होती.

"म्हणजे तिने काही केलं नाही," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका खाली गेला की गणपतना पुढे वाकावं लागलं. "महिनाभर ती दोन वेळा ताट वाढून आणत होती. मी तोंड फिरवत होतो."

गणपतनी विषय बदलावा म्हणून दुसऱ्या उसाचा शेंडा त्यांच्या हातात दिला. तुऱ्याला हात लागताच अण्णा दचकले. "कापलास कशाला रे? उभा ठेवायचास. बरं, असू दे." त्यांनी तुरा गालाला लावला. "हा कुठे मिळाला?"

"टाकीमागच्या ड्रममध्ये. तेवढाच फुललाय. अण्णा, एकाच गच्चीवर हे असं का व्हावं?"

आणि मग अण्णा जुन्या आवाजात, केंद्रावर पोरांना शिकवत त्या आवाजात, बोलू लागले. "ऊस रात्र मोजतो, गणपत. श्रावण सरता सरता रात्र पुरेशी लांब होते, तशी त्याला आतून खूण पटते की आता फुलायचं. तेव्हापासून भाद्रपदभर त्याला सलग काळोख लागतो. त्या काळोखात कुणी मध्येच दिवा लावला तर त्याची रात्र मोडते, आणि तो फुलायचं विसरून नुसता वाढत राहतो. केंद्रावर आम्ही मुद्दाम लावायचो. एखादी जात लवकर फुलत असली की शेतात दिवे लावून तिला थोपवायचं, म्हणजे जोडीदाराबरोबर फुलते. हे सगळं मला तोंडपाठ आहे रे. वर चढता आलं असतं तर एका संध्याकाळीत कळलं असतं."

त्यांनी तुरा गालावरून काढला.

"पण आपल्या गच्चीवर भाद्रपदात दिवा कुठून येणार?"

गणपतना आपला दिवा आठवला. अंधार पडला की आपोआप पेटणारा, लख्ख पांढरा, मोठा एलईडी दिवा. ज्येष्ठात लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून आणलेला. जिन्याच्या खोलीच्या कपाळावर त्यांनी स्वतः शिडी लावून ठोकलेला, तोंड ड्रमांकडे. चोरी होऊ नये म्हणून. आणि कौसल्येला बजावलं होतं, अण्णांना यातलं अक्षर सांगू नकोस, म्हातारा माणूस, चोरीच्या धास्तीने झोपायचा नाही. श्रावणात तिने एकदा विचारलंही होतं, "काका, अण्णांना दिव्याचं सांगते ना?" आणि ते म्हणाले होते, "मी सांगितलंय ना नको म्हणून? हा पोलिसी मामला आहे."

ज्याला उसाचं ठाऊक होतं त्याला दिवा दिसत नव्हता, आणि ज्यांना दिवा दिसत होता त्यांना उसाचं ठाऊक नव्हतं. मधलं दार गणपतनी लावलं होतं.

७

"मंडळाचे दिवे असतील का रे?" अण्णांनी विचारलं. "गणपतीत लालबाग-परळात रात्र कुठे असते!"

अण्णा स्वतःच सुटकेची वाट दाखवत होते. गणपतनी ती घेतली.

"हो," ते म्हणाले. "मंडळाचेच. यंदा फार मोठी रोषणाई होती."

बोलून झालं आणि त्यांना दारात कौसल्या दिसली. हातात औषधाचा पेला. तिने सगळं ऐकलं होतं. गणपतची नजर तिच्या नजरेला भिडली. एका वाक्याने ती त्यांना तिथल्या तिथे उघडं पाडू शकली असती, आणि तिला तसा हक्क होता. ती काही बोलली नाही. खाटेजवळ आली, पेला स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, औषध."

गणपतनी खूप कबुलीजबाब घेतले होते. मारून घेतले होते, गोड बोलून घेतले होते. पण माणूस नेमका कशाने बोलता होतो, हे त्यांना त्या घडीला कळलं. तिचा आळ तर गेलाच होता. दिवा कुणाचा याने तिला काही फरक पडत नव्हता. फरक पडणार होता तो एवढाच, की महिनाभर ती न केलेल्या गुन्ह्याचं ओझं वागवत होती, आणि आता त्यांचं खोटंही तिनेच सांभाळावं, अशी त्यांनी सोय करून ठेवली होती. आणि ती ते सांभाळणार होती. हे त्यांना सोसेना.

"अण्णा, मंडळाचे नाही," ते म्हणाले. "माझा दिवा. मी लावला गच्चीवर, जिन्याच्या खोलीवर, ज्येष्ठात. तुम्हाला सांगायचं नाही असं कौसल्येला मीच बजावलं. दोन ऊस गेले होते गेल्या वर्षी, चोरी समजलो. चोरी नव्हती ती, रमाबाईंनी तुळशीला नेले होते. रात्रभर जळतो तो. काल रात्रीही जळत होता."

अण्णांनी औषध घेतलं. तोंड पुसलं.

"मंडळ पश्चिमेला आहे," ते म्हणाले. "टाकीमागचा ड्रमही पश्चिमेलाच. मंडळाचा उजेड गच्चीवर आला असता तर सगळ्यात आधी त्याच ड्रमवर पडला असता, आणि तोच फुलला नसता. दिवा पूर्वेला होता, जिन्याच्या खोलीवर. टाकीची सावली पडली म्हणून तो वाचला. तुझ्या 'हो'नंतर मी जरा थांबलो होतो, तू बोलतोस का ते बघायला."

गणपतना मान वर करता येईना.

"मी कुणाला काय बोलू?" अण्णा म्हणाले. "तू विचारलं नाहीस, दिवा लावलास. मी विचारलं नाही, आळ घेतला. आपण दोघं एकाच माळेचे." आणि मग त्यांनी न दिसणारी नजर स्टुलाच्या बाजूला वळवली. "कौसल्या."

"काय अण्णा?"

"मी तुला चोर म्हणालो."

"हो."

"चुकलो मी. फार चुकलो."

"हो अण्णा," ती म्हणाली. तिने त्यांची समजूत घातली नाही, आणि आवाजही चढवला नाही.

"रविवारी जाऊ नकोस."

कौसल्येने रिकामा पेला उचलला. 

"राग नाहीये आता," ती म्हणाली. "खरंच नाही. पण जयवंत गेल्यावर मी या घरात का राहिले, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं. या महिन्यात मी रोज रात्री तेच आठवायचा प्रयत्न केला. मला आठवत नाही, अण्णा. आठवलं की येईन."

८

रविवारी बॅग गणपतनी खाली नेली. टॅक्सीत बसताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमी करायची तसा. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

वैभवने येऊन अण्णांचे पाय धरले आणि खिशात घातलेल्या डोळ्यांची कबुली दिली. अण्णा म्हणाले, बरं झालं नेलेस. दिव्याखाली राखलेला ऊस फुलला नव्हता, चोरलेला फुलला होता. त्याच चोरीच्या तीनशेबाराचे पराग वैभवने पुंड्याच्या तुऱ्यावर पाडले. पौषात त्याचा फोन आला. बी रुजलं होतं. मातीवर केसांसारखी बारीक हिरवी रोपं उभी होती, ट्रेच्या ट्रे भरून, प्रत्येक वेगळं. गणपतनी फोन अण्णांच्या कानाला लावला. ज्याच्यासाठी हा माणूस आयुष्यभर झुरला ते घडलं होतं.

अण्णांनी ऐकलं, "छान झालं, सांभाळ," म्हणाले, आणि फोन परत दिला.

दिवसाची बाई संध्याकाळी जाते. तिच्यामागे गणपत येतात, अण्णांना भरवतात, कूस बदलून देतात. दिवा त्यांनी केव्हाच उतरवला. जिन्यात पावलं वाजली की अण्णा मान उचलतात.

"कौसल्या आली का रे?"

"अजून नाही, अण्णा," गणपत म्हणतात. हे रोज सांगायचं काम बाईवर टाकता आलं असतं, वैभवही हो म्हणाला असता. पण ते आपलंच आहे हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते एक संध्याकाळ चुकवत नाहीत.